ड पेटीवरची सावली

सौसर, २४ मार्च १९८६

श्री. रवींद्र यांना जयभीम.

पार्सल पोचलं. पांढुर्णा स्टेशनवरून सामान सोडवून न्या अशी चिठ्ठी आली तेव्हा पोस्टमन घर चुकला असेल असं मला वाटलं. सहा वर्षांत तुमचं साधं कार्ड आलं नाही, पार्सल कुठून येणार! शनिवारी दवाखान्यातून अर्धी रजा घेऊन गेले. हमालाने खोकं बाहेर आणून ठेवलं आणि म्हणाला, "बाई, अंदर काच हाये, आपटू नोका." पांढुर्ण्याहून सौसरपर्यंत ते मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई दर वळणावर माझ्याकडे आणि खोक्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, देव्हारा आहे.

चारही काचा धड आहेत. चारही थर्मामीटर धड आहेत.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा, त्यात माझ्याबद्दल काही आहे का ते बघायला. दुसऱ्यांदा, काय करायचं ते समजायला. पहिल्या वाचनाला वेळ लागला नाही. "आकडा दिसेल तोच लिहिणारं माणूस मला एकच माहीत आहे" एवढी एक ओळ सापडली. सहा वर्षांचं तेवढं पुष्कळ झालं.

मला समजलं ते असं. तुमची कंपनी मुंबईत पंचवीस मजली इमारत बांधते आहे. खाली दुकानं, मधे कचेऱ्या, सगळ्यात वर राहायची घरं. पश्चिमेची अख्खी बाजू काचेची. तिथे अशी काच हवी की उजेड आत येईल आणि ऊन बाहेर राहील. कुठली काच किती ऊन अडवते ते बघायला मुंबईचं ऊन पुरत नाही, म्हणून आमचं हवं. आमच्याकडे ते फुकट आहे आणि कोणी मागत नाही. करते मी हे काम. तुमच्यासाठी नव्हे, काम नीट सांगितलं आहे म्हणून.

तुमच्या आई बऱ्या आहेत. गुडघे गेले आहेत, बाकी तब्येत ठणठणीत. पत्रात त्यांची चौकशी नव्हती. वाचून दाखवताना ती मी घातली.

सरला


सौसर, १८ एप्रिल १९८६

श्री. रवींद्र यांना जयभीम.

जयंतीची गडबड आटोपली आणि पेट्या तयार झाल्या. शालिकराम सुताराने तुमचा नकाशा उलटा धरून बघितला, मग सुलटा, आणि विचारलं, "कोंबड्या ठेवाच्या हायेत का?" पण पेट्या चोख केल्या. आतून काळा रंग, बाजूंना थर्माकोल, एका अंगाला काच, आत थर्मामीटर. परसात विटांच्या ओट्यावर चौघी पश्चिमेकडे तोंड करून बसवल्या आहेत. ओळखीसाठी अ, ब, क, ड लिहिलं. अ म्हणजे साधी काच. ब तपकिरी. क म्हणजे ती विलायती, आरशासारखी. आणि ड तुमची, साध्या काचेवर तुम्ही स्वतः चकचकीत पापुद्रा बसवलेली, जी विलायतीच्या निम्म्या किमतीलाही पडत नाही असं तुम्ही लिहिलं आहे.

थर्मामीटर चांगले पाठवलेत. पारा वर चढतो, आतल्या पोलादी काडीला ढकलतो, उतरताना काडी तिथेच सोडून येतो. म्हणजे दिवसभर उन्हात उभं राहायला नको. मी सकाळी आठला जाते, साडेपाचला येते, काडी कुठे आहे ते बघून वहीत लिहिते आणि चुंबकाने काडी खाली ओढते. मलेरियाच्या स्लाइडींपेक्षा सोपं आहे. काडी पळत नाही.

तुमच्या पत्रातली "ड ही माझी काच आहे, ती टिकली तर माझं नाव होईल" ही ओळ आईंनी माझ्याकडून पाच वेळा वाचून घेतली. पुढच्या दिवशी शेजारच्या बायकांना परसात नेऊन दाखवली. "हे माह्या रवीची. बाकी तीन विलायतच्या." मी म्हटलं, आई, अ आणि ब विलायतच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आपल्या त नाईत ना, मंग झालं."

पहिल्या तीन दिवसांचे आकडे सोबत आहेत. उन्हाला अजून धार नाही, तरी ड बरी दिसते.

सरला


सौसर, ७ मे १९८६

श्री. रवींद्र यांना जयभीम.

आता आकडे पाठवायला मजा येते. बाहेर चव्वेचाळीस. अ मध्ये एकाहत्तर, ब मध्ये चौसष्ट, क मध्ये छप्पन. आणि ड मध्ये पन्नास. रोज थोडं इकडेतिकडे, पण ड रोज सगळ्यांत खाली. निम्म्या किमतीची देशी काच विलायतीला खाली पाडते आहे. तुम्ही कॉलेजात असताना म्हणायचात, आपण करून दाखवू. मी तेव्हा हसायचे. आज हसत नाही, एवढं लिहून ठेवते.

१ आणि २ मेचे आकडे तक्त्यात नाहीत. आभाळ होतं.

तुमचं दुसरं पत्र आलं. साहेब ड वर खूश आहेत, ती ठरली तर तुम्हाला मोठी जागा मिळेल, दोन खोल्यांचं घर मिळेल आणि तुम्ही आईंना कायमचं घेऊन जाल. छान आहे. हे पत्र मी जसंच्या तसं वाचलं, काही घालावं लागलं नाही. आईंनी ऐकून घेतलं. पदराने डोळे पुसले आणि उठून भाकरी थापायला बसल्या. मग तव्याकडे बघत म्हणाल्या, "तुले नाई का नेत तो?"

मी म्हटलं, माझी नोकरी आहे इथे.

"हो ना. नोकरी त हाये," त्या म्हणाल्या.

तुमच्याकडे ज्या आहेत त्यांना आईंच्या येण्याचं कसं वाटेल, ते तुम्ही बघून घेतलंच असेल. मला आनंद आहे. सहा वर्षं तुमची आई मी सांभाळली असं लोक म्हणतात. खरं म्हणजे त्यांनी मला सांभाळलं. तुम्ही गेलात तेव्हा माझे भाऊ मला न्यायला आले होते. आई या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरगा गेला, आता पोरगी नाई जाऊ देणार." तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल.

सरला


सौसर, २१ मे १९८६

श्री. रवींद्र यांना जयभीम.

शेवटचा तक्ता पाठवते आहे. पाच आठवडे झाले. ड पहिली, क दुसरी. अभिनंदन. एक जुलैला काचेच्या करारावर सह्या आहेत असं लिहिलंत. तोवर पेट्या हलवत नाही. साहेबांना आणखी आकडे लागले तर रोजचं लिहिणं चालू आहेच.

आईंनी गाठोडं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. मुंबईला हिवाळा नसतो हे त्यांना पटत नाही. तीन वाकळा घेतल्या आहेत.

फार लिहायला काही नाही. दमले आहे. ऊन आहे म्हणून असेल.

सरला


सौसर, ३० मे १९८६

श्री. रवींद्र,

हे पत्र टाकीन की नाही ते ठाऊक नाही, पण आज लिहिलं नाही तर उद्या मी ते वेगळ्या रीतीने लिहीन.

नवतपा चालू आहे, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी दवाखान्यातली वीज गेली, ती आली नाही. विजेशिवाय सूक्ष्मदर्शक म्हणजे पितळी ठोकळा. दीड वाजता घरी आले. आई घरात नव्हत्या. परसात गेले तर त्या ड पेटीसमोर बसलेल्या. पेटीच्या काचेपुढे कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची बांधलेली ताटी उभी, तिच्यावर ओला बारदाना. शेजारी लोटा. हाताने पाणी शिंपडून राहिल्या होत्या.

मी म्हटलं, "आई, हे काय?"

"काय मतलब? सावली." मान वर न करता म्हणाल्या. "इतलं ऊन पडून राह्यलं अन् पोराची काच उघडी. तू त करत नाईस, मंग म्या नाई करू?"

"रोज करता?"

"रोजच त. बाराले झाकायचं, पाचानंतर उघडायचं. संध्याकायची हवा लागू द्या लागते, नाईतर बुड कुजते."

"काचेला बुड कुठलं आई!"

"मले काय मालूम. मले जसं मालूम हाये तसं करून राहिली."

तुम्हाला वेगळं सांगायला नको. तीस वर्षं त्यांनी मालक बापूजींच्या संत्र्याच्या बगीच्यात मजुरीने हेच काम केलं. नव्या कलमाला पश्चिमेकडून ताटी उभी करायची, बारदाना ओला ठेवायचा, दिवस उतरला की उघडायचं. पहिला उन्हाळा काढला की कलम जगतं. तुम्हीही लहानपणी त्यांच्यामागे लोटा घेऊन फिरला असाल. तुम्ही लिहिलंत, ड टिकली तर माझं नाव होईल. टिकली म्हणजे काय ते आईंना एकाच अर्थाने माहीत आहे.

मी विचारलं, "आणि त्या तिघींना का नाही केली?"

"त्या कोणाच्या हायेत?"

ताटी मी रोज बघत होते. भिंतीला टेकवलेली असायची. चुलीसाठी असेल म्हणून कधी विचारलं नाही.

म्हणजे पाच आठवड्यांचे ड चे आकडे खोटे आहेत. ते काचेचे आकडे नाहीत, आईंच्या ताटीचे आहेत.

आता दुसरं. हे सांगायला मला जास्त वेळ लागतो आहे. १ आणि २ मेला आभाळ नव्हतं. कडक ऊन होतं. त्या दोन दिवशी आई भाचीच्या लग्नाला बोरगावला गेल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी ड ची काडी सदुसष्टवर होती, दुसऱ्या संध्याकाळी सहासष्टवर. मी पाहिलं, पेन्सिलीने लिहिलं, बराच वेळ बघत बसले आणि खोडलं. काहीतरी चुकलं असेल म्हटलं. काय चुकलं ते शोधलं नाही. शोधलं असतं तर तेव्हाच सापडलं असतं.

चौदा वर्षं स्लाइडी तपासते. स्वतःच्या भावाच्या रक्तात जंतू दिसला तेव्हा "आहे" लिहिलं आणि मग रडले. इथे "आभाळ होतं" लिहिलं. का, ते मला माहीत आहे. ड जिंकावी असं मला वाटत होतं. ती तुमची होती म्हणून. एवढं सगळं होऊनही. लिहिताना लाज वाटते आहे, पण आता लपवून करायचं काय? तुमच्या आईने पऱ्हाट्यांनी केलं, मी खोडरबराने केलं. त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं.

पत्र आज टाकत नाही, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला आत्ताच ऐकू येतं आहे. ड हरली तर मोठी जागा नाही. जागा नाही तर दोन खोल्या नाहीत. आई इथेच, माझ्याजवळ. माझं खरं बोलणं नेमकं माझ्याच सोयीचं निघालं आहे. आणि आई इथे राहाव्यात असं मला वाटतं, हेही खरं आहे. मग मी तरी माझ्यावर कसा विश्वास ठेवू?

सरला


पांढुर्णा, ८ जून १९८६

श्री. रवींद्र यांना जयभीम.

सोबत ३० मेचं पत्र आहे. आधी ते वाचा, मग हे.

इथल्या दवाखान्यातल्या स्लाइडवाल्या बाई आठ दिवस रजेवर गेल्या. त्यांच्या जागी कोण जातं असं आमच्या दवाखान्यातल्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी हात वर केला. या गावाला उन्हाळ्यात स्वतःहून कोणी येत नाही, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. चारही पेट्या भाजीच्या टेम्पोत घालून आणल्या. आईंना सांगितलं, काचांना हवापालट. त्या म्हणाल्या, "सावली धरशीन ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलले.

इंदू नावाची नर्स आहे, तिच्या क्वार्टरच्या गच्चीवर पेट्या ठेवल्या. मृग लागायच्या आत हवं होतं, दिवस पाचच मिळाले. दुपारच्या सुट्टीत मी स्वतः गच्चीवर जाऊन बसायचे, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. कोणी झाकू नये म्हणून नव्हे. मीच काही करू नये म्हणून इंदूलाही सोबत बसवायचे. ती म्हणाली, "ताई, तुमच्या नवऱ्यासाठी तुम्ही भाजून घेऊन राहिल्या, तो काय करतो तुमच्यासाठी?" मी म्हटलं, काच पाठवली ना.

आकडे असे आहेत. बाहेर पंचेचाळीस. अ बहात्तर. ब पासष्ट. क सत्तावन्न. ड अडुसष्ट. पाचही दिवस हाच क्रम. ड साध्या काचेहून चार अंश बरी आणि तपकिरीहून वाईट. पापुद्रा ऊन परतवत नाही, पिऊन बसतो. चौथ्या दिवशी खालच्या कोपऱ्यात त्याला बोराएवढा फुगा आला. रोजच्या कागदावर माझी आणि इंदूची सही आहे.

हे सगळं कशासाठी, ते साधं आहे. खालच्या दुकानांत गार हवेची यंत्रं असतील. कचेऱ्यांतही असतील. वरच्या घरांत सगळ्यांना परवडतीलच असं नाही, आणि वीज सगळीकडे जाते. तिथे दुपारी घरात कोण असतं? म्हातारी माणसं आणि लेकरं. तीन वाजता त्या पश्चिमेच्या खोलीत ती कशी बसतील? तिथे ताटी लावायला कोणी येणार नाही. पंचवीस मजले उभे राहिले की काच बदलता येत नाही, असं तुम्हीच पहिल्या पत्रात लिहिलं होतं.

तुमचं नुकसान होणार हे मला दिसतं आहे. नाव व्हायचं होतं ते राहील. मी पेन्सिलीने लिहिलेलं खोडलं नसतं तर तुम्हाला मे महिन्यातच कळलं असतं, पापुद्रा बदलून बघायला वेळ मिळाला असता. तेवढा दोष माझा, पूर्ण माझा. आईंना यातलं काही लिहू नका. त्यांना अजून वाटतं की त्यांनी काच जगवली.

सह्या करू नका.

सरला


पांढुर्णा, १९ जून १९८६

श्री. रवींद्र यांना जयभीम.

तुमचं रजिस्टर पत्र मिळालं. तीन ओळींसाठी रजिस्टर कशाला केलंत? "आई तुला सोडवत नाही म्हणून हे कुभांड रचलं आहेस. मैत्रिणीच्या सहीला मी कवडीची किंमत देत नाही. एक तारखेला सह्या होतील." पाठ झालं आहे.

रागवायला पाहिजे होतं, पण तेवढा दम उरलेला नाही. आणि तुमच्या जागी मी असते तर मलाही असंच वाटलं असतं. मुंबईत पाऊस लागला, म्हणजे तुम्हाला तिथे स्वतः बघता येत नाही. इथेही आता आभाळ आहे, या वेळी खरोखरचं. माझ्या शब्दाखेरीज माझ्याकडे काही नाही, आणि तो मी मे महिन्यातच खर्चून बसले.

मग आईंना सांगावं लागलं. तुम्ही त्यांच्याशिवाय कोणाचं ऐकणार नव्हतात. परवा सकाळी चहा देऊन सांगितलं. सावलीमुळे आकडा कसा खाली आला, त्या आकड्यावर मोठी इमारत कशी उभी राहते आहे, आत माणसं कशी तापतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कप तसाच राहिला.

"मंग म्याच पोराले बुडवलं काय?"

मी म्हटलं, नाही आई. अजून कोणी बुडालं नाही. मी जे लिहिलं ते त्यांना खोटं वाटतं, एवढंच.

"तुले खोटी म्हणते तो?"

मी कप त्यांच्याकडे सरकवला.

गुडघे चोळत त्या म्हणाल्या, "मी जातो. सावली म्या केली, तूनं नाई. माह्या तोंडानं सांगन त्याले. माह्यावर त इस्वास हाये ना त्याचा?"

मी म्हटलं, आई, तुम्ही गेलात की त्या तुम्हाला ठेवूनच घेतील. मला "ते" म्हणायचं होतं, तुम्ही; तोंडातून "त्या" गेलं, तुमच्याकडच्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "तू खोटी ठरून मी इथं राहू काय?"

तर आई येत आहेत. आपल्या गल्लीतले यशवंतराव कल्याणला रेल्वेच्या कारखान्यात आहेत, ते सुट्टी संपवून परत निघाले. नागपुरात गाडी बदलून तुमच्यापर्यंत आणून सोडतील. पत्ता त्यांना दिला आहे. हे पत्र मी स्टेशनवर बाकावर बसून लिहिते आहे. आई शेजारी बसून यशवंतरावांना विचारून राहिल्या आहेत की गाडीत खिडकी लावता येते का. पत्र त्यांच्याच पिशवीत ठेवीन. वाचून दाखवायला सांगितलं तर इथपर्यंत दाखवा. पुढचं तुमच्यासाठी आहे.

ड काचही त्यांच्याबरोबर आहे, वाकळांच्या मधे. कोपऱ्यातला फुगा बघा. तो मला खोटा बनवता आला नसता.

त्यांना काय झालं ते विचारा आणि मधे बोलू नका. त्या आधी बगीच्याचं सांगतील, मग तुमच्या लहानपणाचं, मग काचेकडे येतील. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवीकडे बसा. रागावू नका. रागवायचं असेल तर मला लिहा, मला सवय आहे. गुडघ्याचं तेल हिरव्या बाटलीत आहे. लिफ्टमध्ये एकट्या सोडू नका, घाबरतील आणि सांगणार नाहीत. भात दोन्ही वेळा दिलात तर खातील, पण जेवले असं वाटणार नाही. एक वेळ भाकरी हवी. तुमच्याकडच्या बाईंना येत नसेल तर आईच शिकवतील. चांगल्या शिकवतात, मलाही त्यांनीच शिकवली.

जागा लहान असली तरी चालेल. मोठ्या जागेसाठी त्या निघालेल्या नाहीत.

मी इथून साडेचारच्या बसने सौसरला जाईन. उद्या शुक्रवार, स्लाइडी जास्त असतात.

गाडी दिसायला लागली. आई उठल्या. लवकर आटोपते. माझं खरं बोलणं माझ्या सोयीचं राहू नये, म्हणून एवढं करा.

त्यांचं ऐकून झालं आणि तरीही मी खोटं लिहिलं असं वाटलं, तर त्यांना परतीच्या गाडीत बसवून द्या. खरं वाटलं, तर ठेवून घ्या.

सरला